नेट दिवसातून सारखं तुटतंय, कंपनी म्हणते "आमच्याकडून ओके आहे". पुरावा कसा ठेवायचा?

नंदगडची_ताई

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातून, नंदगडहून लिहितेय. पुण्यातल्या एका फर्मचं अकाउंटचं काम मी घरून करते, जीएसटी, बिलं, बँकेचं मिळवणं असलं सगळं, म्हणजे दिवसभर नेट लागतंच. वर घरात बारावीचा भाचा आहे, त्याचे क्लास संध्याकाळी ऑनलाइन असतात. फायबरचं कनेक्शन आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन, सहा महिन्यांचे पैसे आधीच भरून ठेवलेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडण नको, नेट पाहिजे.

त्रास असा की नेट दिवसभर बंद असं कधी होत नाही. दोन मिनिटं जातं, येतं, परत पाच मिनिटं जातं. वायफायचं चिन्ह तसंच दिसतं पण पान उघडत नाही. संध्याकाळी तर क्लासमध्ये सरांचं तोंड हलतंय आणि आवाज नाही. मागच्या २० तारखेला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरताना पोर्टलवरून बाहेर फेकलं गेलं, परत लॉगिन, परत ओटीपी, त्या दिवशी एका पार्टीचं रिटर्न राहिलं असतं तर लेट फी कोणी भरायची?

कस्टमर केअरला फोन लावेपर्यंत नेट आलेलं असतं. ते म्हणतात, मॅडम आमच्या सिस्टीमवर तुमची लाइन ॲक्टिव्ह दिसते. तक्रार नोंदवतात आणि संध्याकाळी मेसेज येतो की तक्रार सोडवली. घरी पोरगा येतो, राउटर बंद-चालू करतो, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट करून ९० दाखवतो आणि जातो. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला तेवढंच सांगितलेलं असतं.

मला विचारायचं आहे ते असं, की हे सारखं तुटतंय हे मी दाखवायचं कसं? नुसतं वहीत लिहून चालतं काय? कुठलं ॲप असतं काय? आणि लिहून ठेवलं तर पुढं ते कुणाकडं न्यायचं? मला कॉम्प्युटरचं टेक्निकल काही कळत नाही, सोप्या मराठीत सांगितलात तर उपकार होतील.

---

निपाणी_नेटवर्क

ताई, मी कोल्हापूरच्या एमआयडीसीत कंपन्यांचं नेटवर्क बघतो, निपाणीहून रोज जा-ये. तुमच्यासारखी केस आठवड्याला एक तरी बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका, सगळं वाचा.

पहिलं म्हणजे स्पीड टेस्ट बाजूला ठेवा. तुमचा प्रॉब्लेम स्पीडचा नाहीच, लाइन तुटण्याचा आहे, आणि स्पीड टेस्ट ही त्या अर्ध्या मिनिटापुरती असते, नेट चालू असतानाच करता येते, मग ती ९० च दाखवणार की. तुम्हाला पाहिजे अशी नोंद जी रात्रंदिवस आपोआप चालू राहील आणि नेट गेल्याची वेळ सेकंदासकट लिहून ठेवेल. त्याला साधं साधन आहे, पिंग. पिंग म्हणजे तुमच्या मशीननं दुसऱ्या मशीनला हाक मारायची आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते बघायचं. ओ आलीच नाही तर ते पॅकेट हरवलं.

आता खरा मुद्दा. हाक एकाच ठिकाणी मारली तर कंपनी लगेच म्हणणार "तुमचं वायफाय खराब आहे". म्हणून एकाच वेळी तीन ठिकाणी मारायची. एक तुमच्याच राउटरला, त्याचा पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या मागं स्टिकरवर लिहिलेलं असतं. दुसरी कंपनीच्या पहिल्या गेटवेला, म्हणजे तुमच्या राउटरनंतर लगेच जे पहिलं यंत्र लागतं त्याला, हा पत्ता ट्रेसराउट (वाटेतली यंत्रं ओळीनं दाखवणारी कमांड) केल्यावर दुसऱ्या ओळीत दिसतो. आणि तिसरी बाहेर, गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, दोन्ही घेतलात तर उत्तम कारण एखादा सर्व्हर स्वतःच कधी कधी पिंगला उत्तर द्यायचं टाळतो.

मग वाचायचं कसं? राउटरचीच ओ येत नसेल तर दोष तुमच्या घरात, वायफाय किंवा करंट. राउटर ओ देतोय पण गेटवे देत नाही, म्हणजे तुमच्या घरापासून कंपनीच्या यंत्रापर्यंतची वायर, जोड, स्प्लिटर (एका फायबरचा उजेड अनेक घरांना वाटणारा डबा), तिथं काहीतरी आहे. राउटर आणि गेटवे दोन्ही ठीक आणि फक्त बाहेरचं मरतंय, तर कंपनीची पुढची लाइन भरलेली आहे किंवा तुटतेय. संध्याकाळी ७ ते ११ मध्येच होत असेल तर बहुतेक भरलेलीच असते, सगळं गाव त्या वेळी व्हिडिओ बघतं. (गेटवे पिंगला कधीच उत्तर देत नसेल तर तो मुद्दाम बंद ठेवलेला असतो, तेव्हा राउटर आणि बाहेरचे दोन एवढ्यावर काम चालवा.)

एक गोष्ट लोक हमखास चुकीची दाखवतात. ट्रेसराउटमध्ये मधल्या एखाद्या ओळीत तारे तारे दिसतात आणि लोक त्याचा स्क्रीनशॉट पाठवतात, बघा इथं तुटलंय म्हणून. मधली यंत्रं अशा हाकांना उत्तर देणं मागं टाकतात, शेवटच्या ओळीपर्यंत पोचत असेल तर त्या ताऱ्यांना काही अर्थ नसतो. असा एक स्क्रीनशॉट तुमच्या कागदांत सापडला की कंपनीचा इंजिनिअर त्याच्यावरच बोट ठेवतो आणि बाकीचा चांगला पुरावा पण वाया जातो.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग लिहायचं, पत्ता, आणि शेवटी डॅश टी. पण विंडोजचं पिंग वेळ लिहीत नाही, म्हणून वेळ लिहिणारी छोटी स्क्रिप्ट लागते, ती मी तुम्हाला पाठवतो. घरात जुना पीसी दिवसभर चालू राहत असेल तर पिंगप्लॉटर किंवा अपटाइम कुमा असला नोंद ठेवणारा प्रोग्राम बसवलात तर आलेख पण तयार मिळतो. आणि होईल तेवढं लॅनच्या वायरनं जोडून करा, वायफायवर नको. वायरवरची नोंद असली की "तुमचं वायफाय" हे वाक्यच त्यांना बोलता येत नाही.

मोजताना घरात कोण मोठं डाउनलोड करत नाही ना तेवढं बघा. आपलीच लाइन आपण गच्च भरली की पिंग वाढतोच, त्यात कंपनीचा दोष नसतो.

---

केबलवाला_संकेश्वर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. संकेश्वर भागात मोठ्या कंपनीची लाइन घेऊन घरोघरी कनेक्शन देतो. वरच्या भावानं सांगितलं ते बरोबर आहे, त्यात आमच्या बाजूचं थोडं घालतो.

ताई, तुमच्या घरात जो डबा आहे ज्यात बारीक पिवळी किंवा काळी फायबर जाते त्याला ओएनटी म्हणतात. त्याच्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. नेट गेल्यावर पहिल्यांदा तो बघा. लाल लागला किंवा लुकलुकला म्हणजे घरापर्यंत उजेडच येत नाही, वायर तुटली किंवा जोड सुटला. लाल नाही पण पॉनचा दिवा लुकलुकतोय म्हणजे उजेड आहे पण आमच्या ओएलटीशी, म्हणजे आमच्याकडच्या मुख्य यंत्राशी, त्याची ओळख लागत नाही. एलओएस विझलेला, पॉन न लुकलुकता हिरवा आणि तरी नेट नाही, म्हणजे वायर धड आहे आणि गडबड पुढं आहे. हे दिवे मोबाइलनं व्हिडिओत घ्या, त्याच व्हिडिओत भिंतीवरचं घड्याळ आणि मग न उघडणारं पान दाखवा. असा व्हिडिओ मला कोण पाठवला की मी माणूस पाठवताना कुठली शिडी आणि कुठलं मशीन द्यायचं ते इथंच ठरवू शकतो. नुसतं "नेट नाही" असा मेसेज आला की तो पोरगा राउटर बंद-चालू करूनच येणार, त्याला दुसरं करायला काही नसतंच.

दुसरं, ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर असा आकडा असतो, उणे १९, उणे २२ डीबीएम असा. हा तुमच्या घरी पोचणारा उजेड. उणे २७ च्या खाली गेलं की बहुतेक डब्यांना तो पुरत नाही आणि लाइन सारखी पडते-उठते. तुमचं वर्णन ऐकून मला आधी हेच वाटलं. ३ डीबी कमी झालं म्हणजे उजेड निम्मा झाला, हे लक्षात ठेवा. हा आकडा रोज एकदा लिहून ठेवा, सकाळी ठीक आणि पावसात किंवा वारं सुटलं की खाली जात असेल तर कुठंतरी जोडाच्या डब्यात पाणी शिरतंय नाहीतर वायर झाडाच्या फांदीला घासून वाकतेय. पावसानं फायबरच्या काचेला काही होत नाही, जोडाला होतं. खानापूर भागातला पाऊस, झाडी, माकडं हे सगळं आम्हाला पण माहीत आहे, जांबोटी-कणकुंबीकडं लाइन टिकवणं सोपं काम नाही. आणि रस्ता खोदताना जेसीबीनं केबल तोडली तर आमचा पण जीव जातो.

पण एक सांगतो. एका स्प्लिटरवर किती घरं घालायची हे धंदेवाल्याच्या हातात असतं. आठ घरांच्या स्प्लिटरला साधारण १० डीबी उजेड जातो, बत्तीसच्याला १७ च्या आसपास. त्यात स्प्लिटरला पुढं स्प्लिटर लावत गेलं तर शेवटच्या घराला काय उरणार? म्हणून गल्लीतल्या इतरांना विचारा. एकाच वेळी चार घरांचं जातं काय, की तुमच्या एकटीचं? चार घरांचं असेल तर चौघांनी एकाच वेळी तक्रार घाला, प्रत्येकानं आपला वेगळा नंबर घ्या. एका घराची तक्रार म्हणजे त्या घराची वायर असं आम्ही धरतो, चार घरांची आली की मीच वरच्या कंपनीला फोन लावतो कारण तेव्हा मला पण दाखवायला काहीतरी असतं.

---

नंदगडची_ताई

सगळ्यांचे आभार. एलओएसचा दिवा बघितला, नेट जातं तेव्हा कधी कधी लाल लुकलुकतो, कधी सगळं हिरवंच असतं. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय?

आणि एक अडचण. लॅपटॉप फर्मचा आहे, त्यात काही बसवायला परवानगी नाही, शिवाय रात्री तो बंद करावा लागतो. आमच्याकडं करंट पण सारखा जातो, राउटरला छोटा यूपीएस आहे पण दुपारी हेस्कॉमनं (आमची वीज कंपनी) करंट जास्त वेळ काढला की तो पण संपतो. मग ती वेळ त्यात मिसळणार नाही काय? घरात एक जुना अँड्रॉइड मोबाइल पडून आहे, सिम नसलेला.

---

निपाणी_नेटवर्क

व्हय, दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि म्हणूनच तीन ठिकाणी पिंग लागतं. लालवाले एका रकान्यात, हिरवेवाले दुसऱ्या रकान्यात लिहा. एकाच तक्रारीत दोन्ही कोंबू नका, ते एक दुरुस्त करतात आणि दोन्ही बंद करतात.

जुना मोबाइल तर चांगलंच झालं, सिम नाही हे आणखी चांगलं. सिम असतं तर वायफाय मेल्यावर तो गपचूप मोबाइल डेटावर जातो आणि नोंदीत नेट चालू दिसतं. त्यात टरमक्स नावाचं ॲप घाला, मी देतो ती चार ओळींची स्क्रिप्ट त्यात चिकटवा, ती दर काही सेकंदाला तारीख-वेळ आणि तिन्ही ठिकाणचा निकाल एका फाइलीत लिहीत राहील. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर रात्री स्क्रीन झोपली की मोबाइल त्याला मारून टाकतो. घड्याळ ऑटोमॅटिक वेळेवर ठेवा. मोबाइल राउटरच्या अगदी शेजारी चार्जिंगला लावून ठेवा म्हणजे वायफायचा प्रश्न जवळजवळ जातोच. डेटाची काळजी नको, दर सेकंदाला एक हाक मारली तरी एका पत्त्याला दिवसाला जेमतेम १५ एमबी जातात.

करंटचं उत्तर त्यातच आहे. मोबाइलला स्वतःची बॅटरी असते, तो करंट गेला तरी चालू राहतो. राउटर मेला की राउटरचीच ओ बंद होते, ती वेळ सरळ वेगळी काढायची आणि वहीत "करंट नव्हता" असं स्वतः लिहायचं. आपल्या बाजूच्या वेळा आपणच वगळलेल्या दिसल्या की बाकीच्या वेळांवर समोरचा माणूस विश्वास ठेवतो. फुगवून दाखवू नका. दिवसातून तीनदा तुटत असेल तर तीनच लिहा, तीन पण पुरेसे आहेत.

शिवाय राउटरच्या आत स्वतःची पण एक नोंद असते, सिस्टीम लॉग म्हणतात. त्यात पीपीपीओई (राउटरचं कंपनीकडचं लॉगिन) तुटलं, परत जोडलं, उजेड गेला, आला, असं वेळेसकट लिहिलेलं असतं. पण राउटर बंद-चालू केला की बहुतेक राउटरमध्ये ते पुसलं जातं! म्हणून पोरगा येऊन बटण दाबायच्या आधी ते उतरवून घ्या.

---

वकील_टिळकवाडी

बेळगावला ग्राहक आयोगात प्रॅक्टिस करतो. टेक्निकल भाग वर चांगला आला आहे, मी कागदांचं सांगतो, कारण बहुतेक केसेस तिथंच ढिल्या पडतात. लोकांकडं स्क्रीनशॉट शंभर असतात आणि तक्रारीचा नंबर एक पण नसतो.

ट्राय, म्हणजे टेलिकॉमची नियामक संस्था, तुमची वैयक्तिक तक्रार ऐकत नाही, तिथं मेल पाठवून वाट बघू नका. ट्राय नियम करतं, आणि ते नियम कंपनीवर लागू असतात. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणं पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र. तिथं प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर मिळतो, तो मागून घ्यायचाच. फोनवर सांगितलात तरी त्याच दिवशी तेच मेलवर लिहून पाठवा, तारीख, वेळ, नंबर. दुसरी पायरी, त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. तक्रार सुटली नाही किंवा खोटी बंद केली तर ३० दिवसांच्या आत तिथं अपील करायचं, फी नाही, मेलनं चालतं, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. अपील कुणाकडं, त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो आणि ट्रायच्या टीसीसीएमएस या पोर्टलवर पण मिळतो. बरेच लोक ही दुसरी पायरी गाळतात, असं करू नका.

आता ताईंच्या प्रश्नातली मेख. ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेत, त्यात फिक्स्ड लाइनचा बिघाड ३ दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची आहे. पण नेट दोन मिनिटं जाऊन येत असेल तर तीन दिवस मोजायचे कुठून? कंपनी दर वेळी तक्रार "सोडवली" म्हणून बंद करते आणि मोजणी परत शून्यावर येते. म्हणून बंद झाल्याचा मेसेज आला की त्याच तासाला उत्तर द्या: "दुरुस्त झालेलं नाही, सोबत नोंद जोडली आहे, तीच तक्रार परत उघडा." नवी तक्रार घालू नका, जुनीच उघडायला लावा. घरी आलेला माणूस तक्रार बंद करायला मोबाइलवर आलेला कोड मागतो, काम झाल्याशिवाय तो कोड देऊ नका. ही एक गोष्ट पाळलात तरी अर्धी लढाई तिथं आहे.

कंपनी हलली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि दूरसंचार विभागाकडं तक्रार सरकारच्या पीजी पोर्टलवरून. १९१५ वर तक्रार गेली की कंपनीचा वरचा माणूस फोन करतो असा माझ्या अशिलांचा अनुभव आहे. त्यानंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. काही जण अजून सांगतात की टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत. तो वाद सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात संपवला, चालतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत टेलिकॉम हा शब्दच घातलेला आहे. तुम्ही जिथं राहता तिथल्या आयोगात दाखल करता येतं, कंपनी बंगळूरची असो नाहीतर मुंबईची, तुम्हाला बेळगावच. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं.

पिंगच्या फाइली इलेक्ट्रॉनिक पुरावा आहेत. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-ब गेलं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे, त्याचं प्रमाणपत्र जोडा. त्या फॉर्ममध्ये हॅश व्हॅल्यूचा रकाना असतो, म्हणजे फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारा आकडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका कडक नसतो तरी जोडाच, समोरच्या वकिलाला बोलायला जागा उरत नाही. मूळ फाइलीत एक अक्षर पण हलवू नका, रंग द्यायचा, बेरीज करायची ती सगळी कॉपीवर. आणि फाइल दर आठवड्याला स्वतःलाच मेल करून ठेवा, त्या मेलची तारीख कोण बदलू शकत नाही.

नुकसान लिहिताना जे दाखवता येतं तेवढंच. भरलेले पैसे, त्या काळात मोबाइल डेटासाठी मारलेलं रिचार्ज, लेट फी लागली असेल तर त्याची पावती, फर्मनं पगार कापला असेल तर तो मेल. "मनस्ताप ५ लाख" असं लिहून येणारे खूप असतात आणि त्यानं खरी मागणी पण हलकी होते.

---

कोगनोळी_बॉर्डर

वकीलसाहेब, आमच्या गावचा प्रकार जरा वेगळा आहे तो पण इथं लिहितो, नंतर कोणाला उपयोगी पडेल. आमच्याकडं फायबर नाही, सगळं मोबाइलच्या डेटावर. सिम कर्नाटक सर्कलचं, आणि घराच्या मागच्या खोलीत गेलं की मोबाइल कागलकडचा टॉवर पकडतो, म्हणजे महाराष्ट्र सर्कल. पुढच्या खोलीत परत कर्नाटक. या धरसोडीत कॉल तुटतो, नेट अडकतं, आणि तक्रार केली की म्हणतात तुमच्या टॉवरवर काही दोष नाही. टॉवर कुठला ते त्यांनाच माहीत नसतं!

मी आता असं करालोय की नेटवर्कची माहिती दाखवणारं ॲप ठेवलंय, त्यात ४०४ किंवा ४०५ नं सुरू होणारा नेटवर्कचा नंबर दिसतो, तो सर्कलप्रमाणं बदलतो, शिवाय टॉवरचा सेल आयडी आणि सिग्नलचा आकडा. नेट अडकलं की त्या पानाचा स्क्रीनशॉट. सोबत ट्रायचं मायस्पीड ॲप आहे, त्यात टेस्ट केली की निकाल ट्रायकडं पण जातो. नेटवर्क हातानं निवडून एकाच सर्कलवर बसवलं की फरक पडतो काय हे पण लिहून ठेवतो, पडला तर दोष कुठल्या बाजूचा ते कळतं.

आणि नव्या नियमात मोबाइलसाठी असं पण आहे की एखाद्या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणात नेटवर्क २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर पोस्टपेडला बिलात सूट आणि प्रीपेडला व्हॅलिडिटी वाढवून द्यायची. आमच्यासारख्या कडेच्या गावांना ते लागू होणं अवघड, कारण आमचं एक गाव म्हणजे जिल्हा नाही. इकडं कर्नाटकाचं शेवटचं गाव आणि तिकडं महाराष्ट्राचं पहिलं, दोन्हीकडच्या टॉवरच्या आराखड्यात आम्ही कडेलाच. हे कोणीतरी लेखी मांडायला पाहिजे म्हणून ग्रामपंचायतीत ठराव घ्यायचं चाललंय, त्याला सगळ्या घरांच्या नोंदी जोडणार.

---

केबलवाला_संकेश्वर

कोगनोळीकर, ठराव घ्याच. आणि गल्लीचा नकाशा हातानं काढून कुठल्या घरात कुठला टॉवर लागतो ते त्यावर लिहा, इंजिनिअर लोकांना असला कागद लगेच कळतो.

---

नंदगडची_ताई

मंडळी, निपाणीच्या दादांनी दिलेली स्क्रिप्ट जुन्या मोबाइलवर चालू झाली. भाच्यानं बसवून दिली, आता रोज रात्री आम्ही दोघं बसून फाइल बघतो. चित्र बरंच स्पष्ट व्हायला लागलंय. राउटरची ओ कायम येते, फक्त करंट गेल्यावर बंद. वारा-पाऊस असला की गेटवेची ओ थांबते आणि तेव्हाच दिवा लाल असतो, आरएक्सचा आकडा पण त्या वेळी खाली गेलेला सापडला. आणि संध्याकाळचं वेगळंच आहे, सगळं हिरवं, गेटवे ठीक, आणि ८.८.८.८ आणि १.१.१.१ दोन्ही एकदमच अडकतात. शेजारच्या दोन घरांत विचारलं, संध्याकाळचं त्यांचं पण त्याच वेळेला होतं, पावसातलं मात्र आमचं एकटीचंच. म्हणजे पावसातलं आमच्या घराच्या वायरीचं आणि संध्याकाळचं सगळ्या गल्लीचं, असंच ना?

दोन वेगळ्या तक्रारी घातल्या, दोन वेगळे डॉकेट नंबर घेतले. मेल असा लिहिलाय, बघून सांगा:

"विषय: डॉकेट नंबर अमुक, ग्राहक क्रमांक अमुक. माझं कनेक्शन खालील वेळांना तुटलं. सोबतच्या तक्त्यात तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, राउटर, गेटवे आणि बाहेरचे दोन पत्ते यांचा निकाल आणि ओएनटीच्या दिव्याची स्थिती दिली आहे. वीज नसलेल्या वेळा वेगळ्या दाखवल्या आहेत, त्या या तक्रारीत धरलेल्या नाहीत. मूळ नोंद फाइल जोडली आहे. कृपया घरापासून जोडाच्या डब्यापर्यंतची वायर उजेड मोजून तपासावी, आधीचा आणि नंतरचा आकडा मला लेखी कळवावा. माझ्या लेखी संमतीशिवाय तक्रार बंद करू नये."

संध्याकाळच्या तक्रारीत वायरीच्या ऐवजी पुढच्या लाइनची क्षमता तपासा असं लिहिलंय. इंग्रजीतून पाठवू की कन्नडमधून? आमच्या इथला ऑफिसमधला माणूस कन्नड बोलतो, पण मेल कुठं जातो काय माहीत.

---

वकील_टिळकवाडी

मेल चांगला आहे ताई. इंग्रजीतून पाठवा, पुढं अपील आणि आयोग दोन्हीकडं तोच कागद लावता येईल, भाषांतर करत बसायला नको. स्थानिक ऑफिसला त्याचीच एक कन्नड प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. शेजारच्या दोघांना संध्याकाळच्या तक्रारीत त्यांचे ग्राहक क्रमांक घालायला सांगा, पण डॉकेट त्यांनी आपापला घ्यायचा. अपिलाचे ३० दिवस कॅलेंडरवर आजच मांडून ठेवा.

---

निपाणी_नेटवर्क

आणि ताई, माणूस येऊन वायर बदलून गेला तरी मोबाइल काढू नका. तसाच चालू ठेवा, निदान एक मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत. दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची नोंद शेजारी-शेजारी असली पाहिजे, सुधारलं तर ते पण त्यांना लेखी कळवा.